कापरं

पहिला माणूस मारल्यावर
तिचे हात अकरा सेकंद कापायचे.
ते कापणं मी केलं होतं,
ग्दान्स्कच्या गोदीमागे, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर मनाला येईल तेव्हाच चालायचा त्या खोलीत.
एकेका बोटाचं वेगळं.
अंगठ्याचं सगळ्यात शेवटी,
अंगठ्याला उशिरा कळतं.

हे मला ठाऊक, कारण
कार्तुझीच्या रस्त्यावर, नोव्हेंबरात,
माझ्या गाडीखाली एक हरणी आली होती.
लगेच गेली नाही.
ती गेल्यावर मी गाडी सुरू करायला बसले
तर किल्ली भोकात जाईना.
आणि मी, नालायक,
दुसऱ्या हातानं मोबाईल काढून
त्या हाताचं चित्रण केलं.
कामाला येईल म्हणून.

आलं कामाला.
ओतिल्या नाव तिचं, आमच्या नायिकेचं.
खेळ सुरू होतो तेव्हा ती
वाळूच्या बेटावर पाखरांच्या पायांत कड्या घालत असते,
चिमटीत मावणारी पाखरं,
जरा दाबलं तर संपतील अशी.
तीच बोटं मग चाकूवर.
म्हणून तर अकरा सेकंद हवे होते.

द्योनिझीनं आलेख दाखवला.
चौथ्या सेकंदाला लोक बटण दाबू लागतात,
सातव्याला दणादण.
एक जण तर म्हणाला, हिला झालंय काय, पुढे चल ना बाई.
द्योनिझी वाईट माणूस नाही.
त्यानं माझ्यासाठी कॉफी आणली होती,
साखर विसरून, मग परत जाऊन साखर.
मग त्यानं कापणं कापलं.
अकराचे सहा.
सहाचे दोन.
शेवटी नुसता एक खांदा उडाला,
पावसाचा थेंब मानेवर पडल्यासारखा.

एकूण चारशे बारा माणसं मारते ती.
मेलेले वीस सेकंदांनी विरून जातात,
नाहीतर मेमरी पुरत नाही.
मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा
मी उगाच हसले होते.
चारशे बारा, आणि तिच्याकडे
एकालाही ठेवायला जागा नाही.
शेवटी ती सूर्यास्ताकडे बघते.
चेहरा साफ. मीच केलाय.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
खेळणारा उठून गेला,
बटणाला बोट लागलं नाही तीन मिनिटं,
की पात्रानं काहीतरी करत राहायचं असतं.
जांभई द्यायची, बूट झटकायचे.
तिथे कुणी तपासत नाही.
तिथे मी ते अकरा सेकंद ठेवून दिले.
उशीखाली पैसे ठेवावेत तसे.

परवा गदिनियाला, मावसबहिणीकडे जेवायला.
तिचा तोबियाश, नऊ वर्षांचा,
हातातलं सोफ्यावर टाकून तसाच पानावर आला.
बिटाचं सूप. कुणाच्या तरी घटस्फोटाची गोष्ट.
त्याच्या डोक्यामागे पडदा उघडा होता,
आणि मी चमचा धरून मोजत होते.

तिनं चाकू खोचला.
हात समोर धरले.
पाहिलं.

तोबियाश वळला.
मला वाटलं म्हणेल, अडकला वाटतं गेम.
तो म्हणाला, हिला थंडी वाजतेय का?

मी त्याच्या आईकडे पाहिलं, सूपकडे पाहिलं.
हो, म्हणाले.

तो उठला, तोंड न पुसता,
आणि तिला हळूहळू चालवत
शेकोटीपाशी नेऊन उभं केलं.
मघाशी तिनं मारलेल्या माणसांनी
पेटवलेली शेकोटी.
ती विझत नाही, त्या खेळात.
तसं कुणी ठरवलं, आठवत नाही.