रकाना

म्हापशाच्या शुक्रवारी आमचा जिना चढणारे
हातात काहीतरी घेऊन येतात,
चोरिसांची माळ, मिरचीचं रोप, नवा झाडू;
विचारलंच कुणी, तर बाजाराला आलो होतो म्हणायला.

ती रिकाम्या हातांनी आली.
नाव सांगणार नाही. नियम आहे,
आणि नियम नसता तरी सांगितलं नसतं;
तिच्या मुलखात नावावरून कळतं
माणूस नदीच्या कुठल्या काठाचं,
आणि मग पुढचं ठरतं.

फॉर्म घेतला.
आधीचं केंद्र? बंद.
कधीपासून? रस्ता बंद झाला तेव्हापासून.
हिरवी वही? घरात होती.
घर?
ती पेपरवेटकडे बघत राहिली.
घराला रकाना नाही. मी पुढे सरकले.

शेवटची गोळी कधी घेतली?
इथं मात्र ती बोलली, तुटक हिंदीत, खाली बघून.
छावणी एका शाळेत होती.
तिच्याकडे एक बाटली, तीस गोळ्या.
चौथ्या दिवशी पाण्याच्या रांगेत
पुढच्या बाईनं आपली बाटली कानाशी धरून हलवली.
आत एकच गोळी होती.
तो आवाज आम्हाला ओळखू येतो, ती म्हणाली.
मग तिसरीही सापडली, कॉलेजातली पोर,
तिच्याकडे तर आवाजही नव्हता.

बारा वर्षं या खुर्चीत मी एकच वाक्य म्हणत आलेय :
रोज एक, ठरल्या वेळी,
कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही.
भिंतीवरही तेच आहे,
पोस्टरातल्या बाईचं हसू तेवढं ओल येऊन फुगलंय.
वाक्य ओठांपर्यंत आलं.
खरंच आहे ते. अर्धवट औषध म्हणजे
विषाणूला फुकटची शिकवणी.
पण त्या वर्गात,
फळ्यावर राहून गेलेल्या अपूर्णांकांखाली बसून
उरलेल्या सव्वीसला तिघींनी भागणाऱ्या बायकांना
मी कुठलं गणित सांगणार होते?
वाक्य गिळलं. पाणी प्यायले.

डॉक्टर मिनेझिस म्हणाल्या, रक्त घे, गोळ्या आजच दे,
कागद येतील तेव्हा येतील.

कागदांसाठी मी तीन दिवस फोन लावला.
पहिल्या दिवशी वाजत राहिला.
दुसऱ्या दिवशी एक पुरुष : कपाट आहे, चावी नाही.
तिसऱ्या दिवशी माझ्यासारखीच कुणी,
माझ्याच कामाची, माझ्याच पगाराची असावी.
रजिस्टर तिनं तांदळाच्या गोणीत घालून
स्कूटरवरून घरी नेलं होतं.
पानं उलटल्याचा आवाज आला. मी नंबर सांगितला.
ती आधी काही बोललीच नाही.
मग : जिवंत आहे?
माझ्यासमोर बसलीय, मी म्हटलं.
तिकडे पेनाची टोपी निघाली. एक खूण झाली असावी.
आणखी दोन नंबर मी विचारणार होते,
लाइन गेली.

राहिली वेळ.
तिकडे कशी ठरवायचीस?
पहाटे संचारबंदी उठल्याचा भोंगा व्हायचा, तेव्हा.
आणि इथं?
तिनं बराच विचार केला.
कळंगुटला हॉटेलच्या मागे खोली आहे,
उजाडता उजाडता एक सायकलवाला येतो, पों पों करत.
पहिल्या दिवशी मी कॉटखाली शिरले होते.
पदेर तो, मी म्हटलं. पाव विकतो.
रोज येतो?
रोज. फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी जरा उशिरा.

पहिल्यांदाच तिच्या तोंडाचा कोपरा हलला,
हसू म्हणता येणार नाही त्याला.

वेळेच्या रकान्यात मी साडेसहा लिहिलं,
मग खोडून लिहिलं : पदेर.
तपासणीला वरून साहेब आले की विचारतील हे काय.
विचारू देत.