तेरावा ठोका

साक्रीच्या पुढे, माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या
तेव्हा माझी जीप कंपनीला लावलेली.
माइते बसायची पुढच्या सीटवर, गाव पाम्प्लोना,
काम पात्यांचे नटबोल्ट तपासायचं.
निंबाबाईच्या खाणावळीत शेवभाजी खाताना
नाक पुसायची, आणि पुन्हा वाढ म्हणायची.

एकतीस डिसेंबरला म्हणाली, भटू, द्राक्षं पाहिजेत.
मोजून बारा. रात्री बाराला, दर ठोक्याला एक.
आमच्याकडे आख्खं गाव चौकात उभं राहून खातं,
ज्याची बाराच्या बारा संपली त्याचं वर्ष बरं जातं.
मी निजामपूरपर्यंत हिंडलो.
नाशिकहून आलेला एकच घड मिळाला, हिरवा,
बियांचा, आणि आंबट तर असा
की फळवाल्यानं पैसे घेताना मान खाली घातली.

घड्याळाचा मनोरा कुठून आणायचा?
शाळेच्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे.
हिलालबाबा वॉचमनला हातोडी दिली,
कानटोपीतून त्याला जेवढं ऐकू गेलं तेवढं सांगितलं.
टण्ण.
थंडीत तो आवाज डोंगराला लागून परत यायचा,
त्यामुळे कोणता ठोका आणि कोणता पडसाद, कळेना.
माइतेचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी,
मी बियांसकट गिळतोय,
कुत्री भुंकतायत.
बारा झाले. तिनं रिकामे तळहात वर केले.
आणि टण्ण.

एक जास्तीना दिधा, बाबा म्हणाला, देवना नावे.

ती हसत सुटली. माझ्या पोटात मात्र गोळा आला.
तेरावं आमच्यात कशाचं असतं
हे तिला कोणत्या भाषेत सांगणार?

त्या वर्षी कुणी गेलं नाही, हेही सांगून टाकतो.
फक्त बापाचे गुडघे गेले,
आणि माघात आम्ही बैलजोडी विकली.
गोठ्यात आता जीपचं स्टेपनी असतं.

चैत्रात खंडेरावाची जत्रा.
बारा गाड्या एकीला एक बांधलेल्या,
बारावी आमची. पिढ्यांपासून बारावी.
मी म्हटलं, यंदा राहू द्या, आपल्याकडे बैल नाहीत.
बाप चिडला. बैल नही ते नही, गाडी ते शे!
आणि काठी टेकत सगळ्यात आधी चढून बसला.

दगा भगत हळदीनं माखलेला, कमरेला दोर.
एरवी ग्रामपंचायतीत नळाची पट्टी वसूल करतो.
येळकोट झाला. जू रिकामी,
गाड्यांवर माणसांचे घोस लटकलेले,
आणि दोर ताणला गेला.
पहिली गाडी हलली, मग दुसरी,
माइते त्यांच्या बाजूनं पळतेय, मोजतेय तिच्या भाषेत,
गळ्यात तिच्या गावचा लाल रुमाल,
तो भंडाऱ्यानं पिवळा झालेला.

रात्री म्हणाली,
आमच्या गावात बैल सुटतात आणि माणसं पुढे पळतात.
तुमच्याकडे माणूस गाड्या ओढतो
आणि बैल कडेला उभे राहून चारा खातात.
मी म्हटलं, हो.
मग थोडा वेळ आम्ही दोघं चक्कीकडे बघत बसलो.
वारा नव्हता.

पुढच्या डिसेंबरात ती तिकडे होती.
तिथले बारा म्हणजे इथले पहाटेचे साडेचार.
फोन आला तेव्हा मी दुधाच्या गाडीमागे उभा,
खिशात द्राक्षं, यंदा जरा गोड.
चौकातला गलका, आणि मग त्यांचं घड्याळ,
एक, दोन, तीन...
नवव्याला रेंज गेली.

हातात तीन राहिली.
एक बापाला दिलं. हे कशाचं, त्यानं विचारलं नाही.
एक हिलालबाबाला, तो म्हणाला बारा व्हयनात का?
तिसरं जीपच्या डॅशबोर्डवर आहे अजून,
खंडेरावाच्या फोटोशेजारी.
मनुका झालीय त्याची.