दहा सेंटचं पिशाच्च

मुलगी सुती हातमोजे देते.
"सावकाश उलटा, मिस्टर हुदाक. कागदाचा भुगा होतोय."
मी म्हणतो, माझंही तेच चाललंय.
ती हसत नाही. रोज कुणीतरी म्हातारा
हेच म्हणत असणार.

एकोणीसशे पस्तीस. किंमत दहा सेंट.
मुखपृष्ठावर घोडा, गुराखी, धूळ.
आणि आत, जाहिरातींच्या अलीकडे, पान एकोणीस :
लेमुएल पाइक, भुताखेतांचा डिटेक्टिव्ह.
महिन्याला एकच पान.
महिन्याला एक मुडदा, गळ्यावर दोन टिंबं.

किती कच्ची आहेत चित्रं!
तिसऱ्या चौकटीत पाइकच्या हाताला सहा बोटं,
चौथीत चार.
हिशेब जुळतो, एवढंच.
पिशाच्चाला सावली नाही.
ती राहून गेली की मुद्दाम काढली नाही
यावर झुझ्कानं आणि मी अख्खा हिवाळा घालवला.
मग दिसलं, सावली पाइकलाही नाही.
घराला नाही, कुत्र्याला नाही.
चित्रकाराला घाई होती.
त्याचंही घरभाडं थकलं असेल.

यंग्सटाउनमध्ये त्या साली सगळ्यांचंच थकलं होतं.
भट्ट्या गार. आकाश इतकं स्वच्छ
की आई पडदा सरकवून बघायची
आणि पुन्हा ओढून घ्यायची.

फेब्रुवारीत एका रात्री तातो घरी आले
भिंत धरत धरत.
बाही सारून हात धुऊ लागले,
आणि कोपराच्या खोबणीत मला दिसलं
एक टिंब.
शेजारी दुसरं, जुनं, पिवळं पडलेलं.

मी नऊ वर्षांचा होतो. पुरावा म्हणजे पुरावा.

लसूण झुझ्कानं आणला
(आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी लसूण असायचा),
तीन पाकळ्या उशीखाली.
झोपेत त्यांच्यासमोर आरसा धरला.
दिसत होते.
म्हणजे अजून वेळ गेली नव्हती.

गुरुवारी पाठलाग केला,
टोपी डोळ्यांवर, पाठ भिंतीला, अगदी पाइकसारखा.
पूल, मग चढ, मग
इस्पितळाचं मागचं दार.
आत बाकावर वीसेक माणसं, प्रत्येकाची एक बाही दुमडलेली.
पावेलकाका. चर्चचा घंटावाला. शेजारचा तो इटालियन,
जो सदैव गात असायचा.
कुणीच कुणाला ओळखत नव्हतं.
बाटली भरली की पांढऱ्या कपड्यांतली बाई
बिस्किट द्यायची, नोटा मोजायची,
अंगठ्याला थुंकी लावून.

मी पिशाच्च शोधलं, शपथेवर सांगतो.
जिन्याखाली, कोळशाच्या खोलीत, सगळीकडे.
सुळे कुणालाच नव्हते.
वरच्या मजल्यावर कुणीतरी बाई कण्हत होती;
मग बराच वेळ काही नाही;
मग एक बाळ रडलं.

माणसं रक्ताचं पाणी करतात म्हणे.
तातोंनी पीठ केलं. पाच पौंडांची पिशवी.
आणि उरलेलं एक नाणं माझ्या तळहातावर :
"घे. तुझं ते भुताचं."

मी म्हटलं, संपली ती गोष्ट.
"कशी संपली?"
पकडलं त्याला, म्हटलं.
"बरं झालं," तातो म्हणाले, आणि बूट काढायला वाकले,
आणि वाकलेलेच राहिले थोडा वेळ.

आज पुढचा अंक उघडलाय, पंचाहत्तर वर्षं उशिरा.
खरंच पकडतो पाइक त्याला.
तीन चौकटींत. एक ताईत, एक किंकाळी, धूर.
गळ्याशी कोरी जागा आहे;
आमच्या प्रतींत तिथं झुझ्का
बिटाच्या रसाचा थेंब द्यायची.

पान उलटतो.
'सात दिवसांत बलदंड व्हा!'
एक पिळदार हात, दुमडलेला,
कोपराची खोबणी गुळगुळीत,
कुणी कधी हातसुद्धा न लावलेली.

"पाच मिनिटांत बंद होईल," मुलगी म्हणते.
हो, म्हणतो मी.
मोजे काढताना डावा अडकतो.