सेलेनियम

'निर्मितीचा देश' असा रकाना आहे आमच्या रजिस्टरात.
मी लिहिलं : सोव्हिएत संघ.
घाटपांडे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
आज नकाशावर आहे का तो?
मी म्हटलं, हा कॅमेरा तरी कुठे आज फोटो काढतो?
सर हसले नाहीत.
म्हणाले, पेन्सिलीनं लिहा.

आमचं संग्रहालय म्हणजे शिवाजीनगरला
कॉलेजच्या मागच्या इमारतीत तीन खोल्या.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
अभिप्रायाच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द : पंखा.
कोपऱ्यात लेनिनग्राडचा एक सूक्ष्मदर्शक,
त्याच्याशेजारी स्लाइड प्रोजेक्टर,
ज्याचं बटण अजून विचारतं, एकशेसत्तावीस की दोनशेवीस?
कुणी उत्तर देत नाही. वायरच उंदरांनी नेली.

झेनिट आणला चांदोरकर बाईंनी,
भाच्याच्या स्कूटरवर, मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत.
वय चौऱ्याऐंशी. पिकांवरचे रोग हा विषय.
किलोभर कांद्यांइतका जड हा डबा
गळ्यात अडकवून त्या फिरल्या
बारामती, निफाड, राहुरी,
गव्हाच्या पानावरचा तांबेरा टिपत.
मान काचली, पण बुरशी स्पष्ट आली, म्हणाल्या.

रशियन शिकल्या संध्याकाळच्या वर्गात.
त्यांचा एच म्हणजे आपला न,
त्यांचा पी म्हणजे आपला र.
"तेव्हापासून, मुली,
कुठल्याच अक्षरावर मी पहिल्या भेटीत विश्वास ठेवत नाही."

शटर अडकलेलं.
रास्ता पेठेतल्या अत्तारचाचांनी कानाशी धरून चावी फिरवली,
आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.
मी 'स्थिती' या रकान्यात लिहिलं : बंद.
हे मात्र शाईनं.

मग एका बुधवारी,
सव्वाचारला,
पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं,
आधी प्रोजेक्टरवर, मग माझ्या डब्यावर,
मग काचेच्या पेटीत शिरलं,
आणि झेनिटच्या माथ्यावरच्या इवल्या चौकटीत
सुई उठली.

सेल नाही, वायर नाही,
समोर कुणी हसून उभं नाही.
कपाळावरच्या खवल्याखवल्यांच्या पट्टीवर उजेड पडला
आणि सुईनं मोजला.
ढग आला, बसली.
ढग गेला, उठली.
मी खुर्ची ओढून बघत राहिले. त्या दिवशी पाहुणे शून्य,
आणि तेही मी नोंदवायला विसरले.

बाईंना फोन केला. ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागलं :
सुई हलते!
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, हलणारच.
तिला कुणी सांगितलंय थांब म्हणून?

पण सरांनी पत्र काढलं.
सेलेनियम उजेडानंच झिजतं,
चामडंही तडकतं; सबब वस्तू क्रमांक एकशेबारा
झाकण लावून अंधारात ठेवावी,
म्हणजे पुढच्या पिढ्यांना दाखवता येईल.
काय दाखवता येईल, ते पत्रात नाही.

मी नियम पाळते.
जाड पडदा लावलाय, बटण दाबून चामडी खोळ बंद करते;
जुन्या चपलांच्या दुकानाचा आणि
कुठल्यातरी थंड गोदामाचा वास
बोटांना रात्रीपर्यंत राहतो.
फक्त बुधवारी, सर मीटिंगला गेले की,
पाच मिनिटं.
पडदा एक वीत. खोळ उघडी.

झिजत असेल.
पाच मिनिटांचं जे काही झिजतं, ते माझ्या नावावर लिहा.

परवा एक पोरगा आला, दुसरीतला असेल, शिपायाचा नातू.
नाक काचेला लावून विचारतो,
हा कशाला डोकं वर करतो?
मी म्हटलं, ऊन किती आहे ते सांगतो.
तो खिडकीपाशी गेला, बाहेर बघून आला.
म्हणाला, बरोबर सांगतोय.

मी रजिस्टर काढलं.
पेन्सिलीचं तसंच ठेवलं.
'बंद'पुढे, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात :
उजेड ओळखतो.