बारावं नाव

शाळेची किल्ली हेडमास्तरीणबाईंकडे,
बाई नागपूरला, भाचीच्या लग्नात.
फोनमध्ये मागे बँड वाजत होता.
म्हणाल्या, तोडा कुलूप, पण पावती ठेवा.

तोडलेल्या कुलपाची पावती कोण देतं
हे विचारायला वेळ नव्हता.
खालच्या टोलीत बांबूची पेरं अजून फुटत होती
आणि रस्त्यावर अकरा घरं बसली होती,
म्हणजे माणसं. घरं आता तेवढीच.

मी पंचायतीचा शिपाई.
नळाचा व्हॉल्व्ह, दवंडी, घरटॅक्सच्या नोटिसा.
मार्चमध्ये या अकराही दारांना मीच चिकटवल्या होत्या.
बिऱ्हाडं लावणं माझ्या कामात कुठं लिहिलेलं नाही.
पण सरपंच ब्रह्मपुरीला, ग्रामसेवक रजेवर,
आणि मे महिन्याची सतरा तारीख,
सहा वाजले तरी पाय पोळवणारी.

खोल्या तीन. चौथीत मोडकी बाकं.
पहिलीच्या वर्गात लांजेवारांचे सात जण.
दुसरीच्यात मेश्राम आणि गुरनुले, मधे बाकांची भिंत,
फळ्यावर अर्धी बेरीज: हातचा एक.
गुरनुल्यांची सून आठव्या महिन्यात, तिला खिडकी.
ताराबाईच्या शेळीला वर्गात नाही म्हटलं,
मग वऱ्हांड्यात म्हटलं,
मग काही म्हटलंच नाही.

तेंदूच्या फडीवरून मुंशीनं बारदाना पाठवला,
चाळीस पोती, ओल्या पानांच्या वासाची.
बचतगटानं मोठं गंज काढलं.
सत्तार मंडपवाल्यानं आंघोळीच्या आडोशाला कनात दिली,
लाल-पिवळी, झालर लावलेली.
पोरं धावत आली. त्यांना वाटलं, लग्न आहे.

तलाठी रात्री आले.
मोटरसायकलच्या उजेडात पंचनामा:
कुटुंबप्रमुख, माणसं, जनावरं,
नुकसान पूर्णतः की अंशतः.
मी नावं सांगत गेलो, ते लिहीत गेले.
अकरा झाली. पेनाला टोपण लागलं.

तेव्हा ती उजेडात आली.
हातात गॅसची शेगडी, सिलिंडर नाही.
मागे पोरगी, पाठीवर सुट्टीतलं दप्तर.
वरच्या आळीची पंचफुला.
नवरा वारल्यापासून दिराच्या पडवीत राहायची.
परवा दिरानं पडवीला दार बसवलं
आणि बाहेरून कडी.
दोन रात्री एसटीच्या थांब्यावर काढल्या होत्या,
गावात कोणाला कळू न देता. मला माहीत होतं.
पहाटे व्हॉल्व्ह सोडायला मी तिथूनच जातो.

"माह्या घराले आग नाही लागली जी," म्हणाली,
"पण आजची रात मले बी पायजे."

तलाठी म्हणाले, हे आगीचं आहे, बाई.
याच्यात तसं बसत नाही.
खरं होतं ते. कशातच तसं बसत नाही.
मी कंदिलाची वात उगाच वर-खाली केली.

बोलली ती चाचेऱ्यांची म्हातारी,
एक पदर जळलेला, तोच डोक्यावर घेऊन:
"लिही ना बावा. आमी सरकून बसतो.
जागा आमची जाते, तुयी काय जाते, शाई?"

तलाठ्यांनी खिसे चाचपले.
पेन्सिल काढली.
पेन्सिलीनं लिहिलं, बारा.
नुकसानीच्या रकान्याशी हात थांबला,
माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, पूर्णतः.

आदेशात तीन रात्री आहेत.
शाळा सव्वीस जूनला उघडते.
मधल्या दिवसांचं कोणी विचारलं
तर मी दवंडीवाला माणूस, मला हिशेब येत नाही.

काल बाजारातून नवीन कुलूप आणलं,
एकशे चाळीस रुपये, पक्की पावती.
पावती फायलीला लावली.
कुलूप माझ्या खिशात आहे.
चालताना मांडीला लागतं.