तिसरी थप्पी

प्रेसचा भोंगा वाजतो तेव्हा
जेल रोडच्या आमच्या स्वयंपाकघरात
मी गोळ्यांची स्ट्रिप खिडकीशी धरते.
सवय. एकवीस वर्षं
कागद उजेडात धरून बघतेय,
जलचिन्ह जागेवर आहे का, तार तुटली नाही ना,
आकडा घसरलाय का.
नोट उजेडात बोलते.
ही चंदेरी पाठ गप्प.

खोक्यात घडी घातलेला कागद होता.
मुंगीएवढी अक्षरं. मुंग्या वाचण्यावरच तर माझं पोट.
भिंग घेऊन बसले.
तोंडाला कोरड. वजन. घाम. झोप उडणे, झोप येणे
(दोन्ही? एकाच गोळीनं?)
आणि अगदी खाली, घडीच्या सुरकुतीत,
क्वचित, विशेषतः तरुणांमध्ये, सुरुवातीच्या आठवड्यांत,
जे विचार घालवायला ही घ्यायची
तेच वाढू शकतात.
कागद पुन्हा मिटायला गेले
तर मूळ घडीवर तो बसेना.

कॅनडा कॉर्नरला डॉक्टर कर्पे म्हणाल्या,
"लिहिलंय ते खरं आहे. म्हणून तर दर आठवड्याला बोलावते."
"आणि लागू पडेलच?"
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"काहींना पडते. काहींना नाही.
काहींना नुसत्या साखरेच्या गोळीनंही बरं वाटतं.
तुम्ही कशातल्या, ते आत्ता मला सांगता येणार नाही."
इतकं सरळ उत्तर
आजवर कुठल्या साहेबानं दिलं नव्हतं.
रागच आला.

नणंद इंदुमती म्हणते, मेंदू बधिर करतात गं ही औषधं.
तिची बीपीची गोळी मात्र
देव्हाऱ्यात, निरांजनाशेजारी.

तीन आठवडे काहीच नाही.
पाचव्या आठवड्यात एका सकाळी
दूध उतू जायच्या आधीचा तो बारीक सूं आवाज
मला ऐकू आला.
किती महिन्यांनी.
गॅस बंद केला आणि उभी राहिले तिथंच.
गोळीमुळे?
की सेक्शनमधून व्हटकरची बदली झाली म्हणून?
की थंडी सरली, एवढंच?

मग सिन्नरला मावशी गेली.
जिनं मला सायकल शिकवली, ती.
बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या
आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.
दुःख होतं. काचेपलीकडे होतं,
बँकेतल्या कॅशियरसारखं,
ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

घरी येऊन अडकित्ता काढला.
कुणाला न विचारता गोळीचे दोन तुकडे,
मग चार, मग नुसती पांढरी पूड बोटावर.
मग तीही नाही.
नवव्या दिवशी बिटको चौकात
डोक्यात वीज कडकडली, पुन्हा, पुन्हा,
मान वळवली की डोळे मागून येत होते.
पेरूवाल्याच्या गाडीला धरून उभी राहिले.
तो म्हणाला, ताई, बसा.
बसले. त्यानं दिलेला पेरू तसाच हातात.

डॉक्टर रागावल्या नाहीत, हेच अवघड गेलं.
वहीत लिहिलं, पुन्हा सुरू, कमी मात्रा.
"सोडायची तर सोडू. पण माझ्यासोबत. हळू."

आमच्याकडे टेबलावर तीन थप्प्या असतात.
बरोबर. बाद.
आणि तिसरी, जिच्यावर सही करायला
कुणाचाच हात पुढे होत नाही.
ती रात्रभर कुलपात राहते
आणि सकाळी, ताज्या डोळ्यांनी,
पुन्हा बघायची असते.

भोंगा थांबला.
पाण्याचा पेला भरलेला आहे.