गव्हाण दगडाची होती

नर्दीन, लाकडाची नव्हती ती गव्हाण.
मी लाकडाची विकतो, कारण यात्रेकरूंना तशीच हवी असते
आणि दगडाचं वजन विमानात परवडत नाही.
खरी आपल्या घराखाली आहे तशीच असणार,
खडकात कोरलेली,
जनावरांच्या माना घासून कडा गुळगुळीत झालेली,
जिच्यात तुझी आई आता कांदे ठेवते.

तू विचारलंस, खरी तारीख कुठली?
आईचा नाताळ पंचवीस डिसेंबरला,
माझा सात जानेवारीला,
वरच्या मजल्यावरच्या वार्तुहीबाईंचा त्यानंतर बारा दिवसांनी.
तोवर आपल्या खजुराच्या बिस्किटांचा डबा रिकामा,
तळाशी नुसती पिठीसाखर.
एका बेथलेहेमात एकच मूल तीनदा जन्मतं
आणि तिन्ही वेळा पोलीस तोच रस्ता बंद करतात.

खरं सांगू? कुणी लिहूनच ठेवली नाही.
मेंढपाळांना तारखा कुठल्या,
कुठली मेंढी कधी व्याली एवढं त्यांना ठाऊक.
आईला आठवत असणार,
पण तिला कुणी विचारलं नसावं.
पुढे कितीतरी पिढ्या लोक
त्याचं मरण आणि उठणं तेवढं आठवत राहिले.
मग कुणाच्या तरी मनात आलं,
जो मेला तो कधीतरी रांगलाही असेल.
आणि दूर रोममध्ये
वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रींच्या शेजारी
कुणीतरी बोट ठेवलं: इथे.
का, यावर पंडित अजून भांडतात.
मी लाकूड कोरणारा. मला एवढंच दिसतं
की दिवा ठेवायची जागा बरोबर निवडली.

चर्चचं दारही तसंच.
घोडेस्वार आत घुसू नयेत म्हणून, म्हणे,
दगड रचून लहान केलं. भीतीने केलेलं दार.
आता ताडमाड जर्मन पाहुणे त्यातून कंबरेत वाकून जातात
आणि त्याला नम्रता म्हणतात.
बरोबरच म्हणतात.
कारण येऊन निघून जातं, पोरी.
अर्थ मागून येतो आणि भाडं न देता राहतो.

असंच मानत होतो मी.
वीस वर्षं बाळ सगळ्यात शेवटी कोरायचो,
उरलेल्या तुकड्यांतून.
आधी उंट, उंटाला भाव येतो.
बाळ म्हणजे बोटाचं एक पेर,
डोळ्यांना दोन खाचा,
दिवसाला साठ.

मग तू आलीस. सातव्याच महिन्यात,
भर फेब्रुवारीत, कुणाचाच सण नसताना.
नर्स म्हणाली, हात धुवा.
तीनदा धुतले, नखांतला ऑलिव्हचा भुसा निघेना.
तिने तसंच तुला माझ्या तळव्यावर ठेवलं,
दोन भाकरींच्या वजनाची.
तू काही शिकवलं नाहीस, रडलीसुद्धा नाहीस.
फक्त तुझी मान मला धरावी लागत होती,
नाहीतर डोकं मागे कलंडलं असतं.

पाद्री इतकी वर्षं काय वाचत होते
ते तेव्हा कळलं, तेही आधी गुडघ्यांना.
आभाळ ज्याने धरलंय म्हणतात
त्याची मान कुणीतरी धरायला हवी होती.
मरियाने धरली. योसेफनेही धरली असेल,
त्याच्याही नखांत भुसा असेल.
देव मोठा आहे हे तर सगळेच सांगतात.
तो कडेवर घेण्याएवढा झाला,
हातातून निसटू शकेल एवढा झाला,
हे सांगताना माझी जीभ अजून अडखळते.

आणि ठेवला कुठे? जनावरं खातात तिथे.
गावाचं नाव जुन्या भाषेत भाकरीचं घर,
आपल्या अरबीत मांसाचं घर.
लहानपणी हसायचो त्याला.
आता ते नाव घेताना मी हळू बोलतो.

यंदा बस आल्या नाहीत.
साठ उंट फळीवर, धुळीत.
काल तू खाली गेलीस ते
मी बाजूला टाकलेलं बाळ घेऊन,
छातीत गाठ आलेलं, न खपणारं.
मला वाटलं, आई ओरडेल.

तिने काही विचारलं नाही.
कांदे जरा सरकवले.